गोम घोड्यात की शर्यतीत?

एखाद्या व्यवहारात दडलेला दोष दाखवायचा असला, की मराठीत ‘यात एक गोम आहे’ असे म्हटले जाते. घोड्यांच्या बाजारात मात्र हा शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेसाठी वापरतात. घोड्याच्या अंगावर उलट वळलेल्या केसांची रेघ म्हणजे गोम आणि गोल फिरलेले केस म्हणजे भोवरा. ही खूण ठरावीक जागी दिसली, की जनावर अशुभ मानले जाते. कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एकाच बाजारपेठेत कानी पडतात. या मुलखात घोडा घेणारा जुन्या वळणाचा माणूस दात पाहण्याआधी भोवरे पाहतो. कंठावरचा देवमण शुभ, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ. पण नको त्या जागी गोम असली, तर घोडा कितीही देखणा असो, त्याची किंमत उतरते.

याच मुलखाला सर्वांत जवळचे मोठे रेसकोर्स हैदराबादच्या मलकपेठचे. बिदरपासून ते दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. तिथे ‘दुर्दैवी घोडा’ या शब्दांचा अर्थ उलटा होतो. ज्याची ताकद जिंकण्याची होती, पण वाट अडल्यामुळे, सुटायला उशीर झाल्यामुळे किंवा अशाच एखाद्या प्रसंगामुळे जो हरला, तो दुर्दैवी घोडा. बाजारात अशुभ घोडा टाळायचा असतो. रेसकोर्सवर दुर्दैवी घोडा शोधून काढायचा असतो, कारण पुढच्या शर्यतीत तेच दुर्दैव पुन्हा आडवे येईलच असे नाही. मात्र प्रत्येक हरलेला घोडा दुर्दैवी नसतो. बहुतेक घोडे हरतात, ते इतरांहून हळू धावतात म्हणून. दोष घोड्यात होता की शर्यतीत, हे कसे ओळखावे, हा या विद्येतील मूळ प्रश्न आहे.

आळंदचा बाजार

हा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. पंधराव्या शतकात बिदर ही बहमनी राज्याची राजधानी होती आणि त्या राज्याचे लष्करी बळ घोडदळावर उभे होते. उत्तम लढाऊ घोडे दख्खनमध्ये पुरेशा संख्येने पैदा होत नसत. ते अरबस्तान आणि इराणकडून समुद्रमार्गे येत, आणि गोवा हे त्यांच्या उतरणीच्या बंदरांपैकी एक महत्त्वाचे बंदर होते. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला, त्यामागे या व्यापाराचे मोल होतेच. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीज आले, तेव्हा त्यांनीही घोड्यांचा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याची धडपड केली आणि त्यावरील जकातीतून मोठे उत्पन्न मिळवले.

आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला. मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला आणि अखेर बिदरमध्ये विकला गेला. याच निकितीनने आळंदच्या वार्षिक बाजाराचे वर्णन करून ठेवले आहे. शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी दहा दिवस बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे तो लिहितो. ते आळंद आज कलबुर्गी जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे.

अशा बाजारातील गिऱ्हाइकाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. समोरचे जनावर काही आठवडे जहाजाच्या तळाशी आणि नंतर घाटवाटांवर काढून आलेले. बरगड्या दिसताहेत, डोळे निस्तेज आहेत. ही अशक्तता प्रवासाची आहे की जनावराची? प्रवासाची असेल, तर चार महिन्यांच्या चाऱ्या-खराऱ्यानंतर कमी दामात घेतलेला घोडा उमदा निघणार. जनावराचीच असेल, तर पैसे बुडाले. मलकपेठच्या कठड्याला टेकून शर्यत पाहणाऱ्या माणसापुढे आजही हाच पेच असतो. फरक इतकाच, की जहाजाच्या जागी आता दीड मिनिटाची धाव आली आहे.

बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ मध्ये, हैदराबादच्या शर्यती मौला अलीहून मलकपेठला आल्या. मधल्या खंडानंतर १९६८ पासून तिथे पुन्हा नियमित शर्यती होऊ लागल्या. भाषावार प्रांतरचनेने जिल्हे कर्नाटकात गेले, तरी बाजार, दवाखाना आणि शर्यत यांसाठी हैदराबादकडे पाहण्याची सवय काही सुटली नाही. दुसरीकडे उत्तरेला, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. थोडक्यात, भोवरा पाहणारी दृष्टी आणि घड्याळ पाहणारी दृष्टी, या दोन्ही परंपरा या एकाच मुलखाच्या दोन्ही बाजूंना नांदत आहेत.

निकाल वेगळा, धाव वेगळी

शर्यतीचा निकाल एका ओळीत छापला जातो: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि त्यांच्यातील अंतर. हे अंतर ‘लेंग्थ’मध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीत मोजतात. एक लेंग्थ सुमारे २.४ मीटर. सोळाशे मीटरची शर्यत चांगला घोडा साधारण ९८ ते १०० सेकंदांत संपवतो, म्हणजे सेकंदाला सोळा मीटरहून अधिक धावतो. त्या वेगात एक लेंग्थ म्हणजे सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. तीन लेंग्थने हरलेला घोडा कागदावर बराच मागे दिसतो, पण प्रत्यक्षात तो अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मागे असतो. एवढा वेळ कुठेही वाया जाऊ शकतो, म्हणून निकाल आणि धाव या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्या लागतात.

अमेरिकेतील ‘मॅन ओ’ वॉर’ या घोड्याचे उदाहरण शंभर वर्षांनंतरही सांगितले जाते. त्याने आयुष्यात २१ शर्यती धावल्या आणि २० जिंकल्या. एकमेव पराभव १३ ऑगस्ट १९१९ रोजी सॅराटोगा येथे झाला. त्या काळी लोखंडी फाटकांचे स्टार्टिंग गेट नव्हते. आडवी बांधलेली दोरी वर उचलली, की घोडे सुटत. त्या दिवशी सुरुवात गोंधळाची झाली आणि मॅन ओ’ वॉर मागे राहिला. पुढे आतल्या कठड्याला तो इतर घोड्यांच्या मागे कोंडला गेला. शिवाय त्याच्या पाठीवर १३० पौंड वजन होते, तर ‘अपसेट’ नावाच्या विजेत्यावर ११५. इतके असूनही तो हरला, तो सुमारे अर्ध्या लेंग्थने. थोड्याच दिवसांत त्याच सॅराटोगात त्याने अपसेटला मागे टाकले. पराभवाच्या ओळीत ‘दुसरा’ एवढेच लिहिलेले असते. ही धाव त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठी होती, हे ती ओळ सांगत नाही.

मोजता येणारे दुर्दैव

दुर्दैवाची कारणे अनेक असली, तरी लक्ष देण्याजोगे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

पहिला प्रकार सुरुवातीचा. फाटक उघडताना घोड्याचे तोंड वळलेले असणे, शेजारच्याचा धक्का बसणे, पाय घसरणे. यात अर्धा सेकंद गेला, तर सुमारे आठ मीटर, म्हणजे तीन लेंग्थहून अधिक अंतर गेले. हे नुकसान किती गंभीर, ते शर्यतीच्या लांबीवर ठरते. हजार मीटरची धाव एका मिनिटात संपते. तिथे ते भरून काढायला वेळच नसतो. चोवीसशे मीटरला तेच नुकसान सावकाश भरून निघू शकते. म्हणून छोट्या शर्यतीत उशिरा सुटूनही जवळ पोचलेला घोडा वहीत टिपून ठेवण्याजोगा.

दुसरा प्रकार कोंडीचा. शेवटच्या तीनशे-चारशे मीटरांत पुढे घोड्यांची भिंत उभी राहते, शेजारचा सरकत नाही आणि जॉकीला लगाम खेचावा लागतो. चित्रफितीत हे ओळखण्याची खूण म्हणजे जॉकीचे अंग. तो एकाएकी रिकिबीत उंच होतो, हात मागे येतात, घोड्याची मान वर जाते. इतरांचे चाबूक चालू असताना याचे हात स्थिर असतील, तर घोड्यात जोर शिल्लक आहे पण वाट नाही, असा त्याचा अर्थ. मात्र वाट मिळाल्यावर काय झाले, तेही पाहायला हवे. फट उघडल्यावर घोडा झेपावला, तर ते दुर्दैव. फट उघडूनही तो तिथेच राहिला, तर वाट अडली नसती तरी तो जिंकला नसता.

तिसरा प्रकार वळणाचा. प्रेक्षकांच्या नजरेतून तो बहुधा निसटतो, पण त्याचा हिशेब सर्वांत पक्का आहे. अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या कठड्यापासून जितके मीटर बाहेर धावावे, त्याच्या ३.१४ पट अंतर जास्त पडते. वळण मोठे असो वा लहान, गणित तेच. धावत्या घोड्याला सुमारे एक मीटर रुंदी लागते. त्यामुळे कठड्यापासून चौथ्या रांगेत धावणारा घोडा आतल्यापेक्षा तीन मीटर बाहेर असतो आणि त्या एका वळणात नऊ मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ चार लेंग्थ जास्त धावतो. असा घोडा दोन लेंग्थने हरला, तर जमिनीवर तो विजेत्यापेक्षा जास्त अंतर कापून आलेला असतो. कोणाचीही आरडाओरड नाही, धक्का नाही, तक्रार नाही. म्हणूनच हे दुर्दैव फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. सुटताना मिळालेला फाटकाचा क्रमांक बाहेरचा असेल, तर त्याची शक्यता वाढते.

चौथा प्रकार चालीचा. शर्यतीचा पहिला अर्धा भाग फार वेगात गेला, तर पुढे धावणारे घोडे शेवटी थकतात आणि मागून येणाऱ्यांचे फावते. पहिला भाग संथ गेला, तर उलट होते: पुढच्यांकडे जोर शिल्लक राहतो आणि मागचा घोडा कितीही सुसाट आला, तरी अंतर तुटत नाही. म्हणून प्रचंड वेगाच्या शर्यतीत पुढे राहूनही चौथा आलेला घोडा, किंवा संथ शर्यतीत सर्वांत मागून येऊन तिसरा आलेला घोडा, हे दोघेही निकालापेक्षा चांगले असतात. शेवटच्या सहाशे मीटरांची वेळ पाहिली, तर हे कळते.

पाचवा प्रकार अपघाती अडथळ्यांचा: नाल निघणे, जीन सरकणे, समोरचा घोडा पडणे. पावसाळी मोसमात कधी धावपट्टीचा एक भाग जास्त भिजतो आणि त्या बाजूने धावलेले सगळेच मागे पडतात. तेव्हा एका घोड्याऐवजी त्या बाजूच्या सगळ्यांनाच सवलत द्यावी लागते.

जे दुर्दैव नव्हे

इथेच खरे घोडे पेंड खाते. माणसाला आवडत्या घोड्याच्या पराभवाला कारण हवे असते, आणि शोधले तर ते सापडतेच. त्यामुळे तीन प्रश्नांची चाळणी लावल्याशिवाय कोणालाही दुर्दैवी म्हणू नये.

जे घडले, ते घोड्याने स्वतः घडवले का? प्रत्येक वेळी फाटकात बिथरणारा, प्रत्येक वेळी उशिरा सुटणारा घोडा दुर्दैवी नसतो. तो त्याचा स्वभाव असतो. वळणावर दर वेळी बाहेर पडणारा घोडा कदाचित एका पायाने दुखावलेला असतो. धावताना फुफ्फुसातून रक्त येण्याचा विकार तर पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा. एकदा घडले तर घटना. तीनदा घडले तर ती त्या घोड्याची गोम.

घोड्यात जोर शिल्लक होता का? अडलेला पण आधीच दमलेला घोडा आणि अडलेला पण ताजा घोडा यांत महदंतर आहे. विनिंग पोस्टनंतरची काही पावले पाहणेही उपयोगाचे असते. विजेता थांबू लागला आणि हा मात्र त्याला मागे टाकून पुढे निघून गेला, तर त्यात काही सांगण्यासारखे आहे.

अडथळा नसता, तर निकाल किती बदलला असता? चार लेंग्थचे नुकसान आणि बारा लेंग्थचा पराभव असेल, तर उरलेल्या आठ लेंग्थचे उत्तर दुर्दैवाकडे नाही.

जपानमधील ‘हारू उरारा’ या घोडीची कथा या चाळणीचे महत्त्व सांगते. शिकोकू बेटावरील कोची येथे १९९८ ते २००४ या काळात ती ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. मंदीच्या त्या वर्षांत हरूनही धावत राहणारी ही घोडी साऱ्या देशाची लाडकी झाली. तिच्या नावाची न लागलेली तिकिटे लोक अपघातापासून रक्षण करणारा ताईत म्हणून जवळ बाळगू लागले. २२ मार्च २००४ रोजी युताका ताके हा जपानचा सर्वश्रेष्ठ जॉकी तिच्यावर बसला, तेव्हा रेसकोर्स माणसांनी भरून गेले. ती अकरा घोड्यांत दहावी आली. तिच्यावर प्रेम करण्यात काहीच गैर नव्हते. पण तिला दुर्दैवी म्हणणे चुकीचे ठरले असते. उत्तम जॉकी मिळाला, वाट मिळाली, तरी वेग नव्हता. सहानुभूती आणि परीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

चाळणीतून उतरलेला घोडा

याच्या दुसऱ्या टोकाला १९८६ चा ‘डान्सिंग ब्रेव्ह’ उभा आहे. इंग्लंडमधील एप्समच्या डर्बीत, चोवीसशे मीटरांच्या त्या धावेत, तो शेवटच्या वळणापर्यंत जवळजवळ सर्वांत मागे ठेवला गेला होता. सरळ पट्ट्यात तो बाहेरून अशा वेगाने आला, की घोड्यांमागून घोडे मागे पडत गेले. तरी ‘शाहरस्तानी’च्या मागे तो अर्ध्या लेंग्थने उरला. जॉकी ग्रेव्हिल स्टार्की याच्यावर टीकेची झोड उठली.

या धावेला तिन्ही प्रश्न लावून पाहावेत. मागे राहणे घोड्याचा दोष होता का? मुख्यतः तो डावपेचाचा भाग होता. जोर शिल्लक होता का? शेवटच्या टप्प्यात त्याच्याइतका वेग दुसऱ्या कोणाचाच नव्हता. निकाल बदलला असता का? अंतर अर्ध्या लेंग्थचे, म्हणजे सेकंदाच्या तेराव्या-चौदाव्या भागाचे होते. पुढचे उत्तर मैदानाने दिले. जुलैमध्ये ॲस्कॉटच्या किंग जॉर्ज शर्यतीत पॅट एडरी त्याच्यावर स्वार होता; डान्सिंग ब्रेव्ह जिंकला आणि शाहरस्तानी चौथा आला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसची आर्क द त्रियोंफ ही युरोपातील सर्वांत मानाची शर्यतही त्याने जिंकली. जूनमधील पराभवाचे नीट वाचन ज्यांनी केले, त्यांना ऑक्टोबरमधील विजयाचे आश्चर्य वाटले नाही.

पुढच्या शर्यतीचा विचार

दुर्दैवी घोडा ओळखणे हे निम्मे काम. तो पुढे केव्हा आणि कुठे धावतो, हे उरलेले निम्मे.

भारतातील बहुसंख्य शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिले जाते आणि रेटिंगच्या एका गुणामागे अर्धा किलो वजन वाढते. साठ गुणांच्या घोड्यावर पन्नास गुणांच्या घोड्यापेक्षा पाच किलो जास्त. सोळाशे मीटरच्या आसपास एक किलो म्हणजे साधारण एक लेंग्थ, असा जुना ठोकताळा आहे. जिंकणाऱ्याचे रेटिंग वाढते, हरणाऱ्याचे वाढत नाही, कधी उतरतेही. त्यामुळे ताकद विजेत्याची आणि वजन पराभूताचे, असा दुर्मीळ योग दुर्दैवी घोड्याच्या वाट्याला येतो. तो मागे लागण्याजोगा का असतो, याचे खरे कारण हेच.

पण हा योग टिकाऊ नसतो. पुढची शर्यत त्याच अंतराची, त्याच वर्गाची किंवा जवळपासची हवी. हजार मीटरला कोंडला गेलेला वेगवान घोडा दोन हजार मीटरला उभा केला, तर मागचे दुर्दैव निरुपयोगी ठरते. मध्ये फार महिने लोटले, तर घोडा तोच राहिला आहे का, हे सांगता येत नाही. आणि दोन-तीन संधींनंतरही तो हरत असेल, तर त्याचे नाव वहीतून खोडण्याची शिस्त हवी. जाणकारांच्या वहीत म्हणूनच कारणे थोडक्यात पण नेमकी लिहिलेली असतात: तारीख, अंतर, वजन, फाटकाचा क्रमांक, काय घडले, अंदाजे किती लेंग्थ गेले, आणि घोडा पुन्हा कोणत्या परिस्थितीत पाहायचा. ‘बिचारा’ हा शेरा त्या वहीत शोभत नाही.

आणखी एक अडचण आहे. जे दुर्दैव सगळ्या स्टँडने पाहिले, ते पुढच्या वेळी भावातही उतरते. सरळ पट्ट्यात डोळ्यांदेखत कोंडला गेलेला घोडा पुढच्या शर्यतीत फेव्हरिट म्हणून उतरतो आणि त्याच्यावर मिळणारा भाव त्याच्या खऱ्या शक्यतेपेक्षाही कमी असतो. वळणावर चार लेंग्थ गमावलेला किंवा चुकीच्या चालीत सापडलेला घोडा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. म्हणजे ज्याची हळहळ सर्वत्र झाली तो नव्हे, तर ज्याच्याविषयी कोणी बोललेच नाही तो घोडा अभ्यासूला अधिक मोलाचा.

नशीब देणे लागत नाही

के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. वर सांगितलेली निरीक्षणे त्या कौशल्याचाच भाग आहेत. तरीही कौशल्य म्हणजे उत्पन्नाची हमी नव्हे. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांवर गेला. एवढा कर पचवून, दर चार-पाच शर्यतींत एखादा अंदाज बरोबर येऊन, दीर्घकाळ फायद्यात राहणे अत्यंत कठीण आहे. सीमाभागातून मोसमी मजुरीसाठी हैदराबाद गाठणाऱ्या माणसाने आठवड्याची कमाई एका ‘दुर्दैवी’ घोड्यावर लावावी, असे या विद्येत कुठेही लिहिलेले नाही. वही आणि चित्रफीत यांना पैसे पडत नाहीत, आणि अंदाज बरोबर येण्याचा आनंद त्यांतूनही मिळतो.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की एकदा दुर्दैव ओढवले म्हणजे पुढच्या वेळी नशीब त्याची भरपाई करते. नशीब कोणाचे देणे लागत नाही. मागच्या वेळी वाट अडली, म्हणून या वेळी वाट मोकळी मिळण्याची शक्यता वाढत नाही. ती इतर घोड्यांइतकीच असते. पण त्या ‘इतक्याच’ शक्यतेसह तो इतरांपेक्षा चांगला घोडा आहे आणि त्याच्या पाठीवर कमी वजन आहे, एवढाच त्याचा लाभ. तो लहान असतो, पण खरा असतो.

या परीक्षेत माणसाचा पैसा पणाला असतो, तसे जनावराचे भवितव्यही. रेसकोर्सवर जिंकू न शकलेल्या घोड्यावरचा खर्च मालक फार काळ करत नाही. तो विकला जातो. कोणी रपेटीच्या शाळेत जातो, कोणी वरातीत, कोणाची रवानगी त्याहून वाईट जागी होते. दोन-तीन पराभवांवरून ‘याच्यात दम नाही’ असा शिक्का बसलेल्या घोड्याच्या बाबतीत कोणीतरी ती चित्रफीत पुन्हा पाहिली आणि वळणावर तो किती बाहेरून धावला हे मोजले, तर त्याला आणखी एक संधी मिळू शकते. बाजारात गोम पाहून नाकारलेल्या घोड्याला ही सोय नसते. केसांची रेघ जन्मभर तशीच राहते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. शर्यतीतील दुर्दैवाचे तसे नाही. ते एका दिवसाचे असते, मोजता येते आणि पुढच्या धावेत तपासता येते. त्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही. घोडामैदान जवळच असते.